टी४ फाजची शेपटी आणि मायकेल रॉसमन

निरगुडी

अकरावी-बारावीत बॅक्टेरिओफाजची (थोडक्यात फाज, जिवाणूंना संसर्ग करणारा विषाणू) आकृती आपण सगळ्यांनीच काढलीय. वर षटकोनी डोकं, खाली शेपटी, शेपटीच्या टोकाला एक आडवी पट्टी आणि सहा वाकडे पाय. पट्टीला नाव द्यायचं 'बेसप्लेट', मार्क मिळतात, विषय संपतो. हा धागा काढतेय तो त्या पट्टीसाठी.

त्या आकृतीतला फाज नुसता उभा असतो. जिवाणूवर बसल्यावर त्याच्यात काय बदलतं, कुठलं प्रोटीन कुठे सरकतं, हे तिच्यात नाही. ते शोधण्यासाठी मायकेल रॉसमन यांनी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात वर्षानुवर्षं काम केलं. जन्म १९३०, फ्रँकफर्टचा. नाझी जर्मनीतून १९३९ मध्ये आईबरोबर इंग्लंडला आले. ग्लासगोला पीएचडी, मग मिनेसोटात विल्यम लिप्सकोम्ब यांच्याकडे, मग केंब्रिजला मॅक्स पेरुत्झ यांच्याबरोबर हिमोग्लोबिनवर काम. १९६४ मध्ये पर्ड्यूला गेले ते कायमचे. १९८५ मध्ये सर्दीच्या विषाणूची (ऱ्हायनोव्हायरस १४) अणूंच्या पातळीवरची रचना त्यांच्या गटाने दिली आणि नाव जगभर झालं. माझ्या मते मात्र त्यांचं सर्वांत मोठं काम टी४ हेच.

टी४ हा ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूवर जगणारा फाज. डोकं साधारण १२० नॅनोमीटर लांब आणि ८६ रुंद. आत सुमारे १ लाख ६९ हजार बेसजोड्यांचा डीएनए, जो सरळ केला तर ५७ मायक्रॉन भरेल, म्हणजे डोक्याच्या लांबीच्या पावणेपाचशे पट. शेपटीत दोन नळ्या, एकात एक. आतली कडक, तिची लांबी कधीच बदलत नाही. बाहेरचं आवरण आकसतं. हे आवरण जीपी१८ नावाच्या एकाच प्रोटीनच्या १३८ प्रतींचं, सहा-सहाच्या २३ कड्या एकावर एक. आकसण्याआधी आवरणाची लांबी ९२ नॅनोमीटरच्या आसपास, नंतर ४२. आतली नळी तेवढीच राहते आणि तिला वर जायला जागा नसते, म्हणून ती खाली बेसप्लेटमधून बाहेर येते आणि जिवाणूच्या आवरणात घुसते.

आता प्रश्न असा, की आवरणाला 'आकस' हे सांगतं कोण? बेसप्लेट सांगते. आधी ती षटकोनी घुमटासारखी असते, नंतर पसरून सहा टोकांच्या ताऱ्यासारखी सपाट होते. हे दोन आकार जुन्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातही दिसले होते. पण एका आकारातून दुसऱ्यात जाताना कुठलं प्रोटीन कुठे फिरतं हे कळायला दोन्ही अवस्थांची त्रिमिती रचना हवी होती. रॉसमन यांच्या गटाने २००३ मध्ये षटकोनी अवस्था दिली, २००४ मध्ये ताऱ्याची. पेत्र लायमान, व्हिक्टर कोस्त्युचेंको ही मंडळी तेव्हा पर्ड्यूत होती, मॉस्कोचे वादिम मेस्यान्झिनॉव्ह आणि टोकियोचे फुमिओ अरिसाका यांची साथ होती.

पद्धतही सांगण्यासारखी आहे. अख्खी बेसप्लेट स्फटिकात बसवणं जमणारं नव्हतं. म्हणून एकेक प्रोटीन सुटं काढायचं, त्याचा स्फटिक करायचा, क्ष-किरणांनी त्याची नेमकी रचना काढायची. दुसरीकडे अख्ख्या शेपटीचं क्रायो-ईएमने (नमुना झटक्यात गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने बघायची पद्धत) धूसर त्रिमिती चित्र मिळवायचं. मग त्या धूसर चित्रात प्रत्येक तुकड्याची जागा शोधून तो तिथे बसवायचा. आणि हे दोन्ही अवस्थांसाठी करायचं. तुकडा तोच, जागा वेगळी, म्हणजे तो किती फिरला हे आपोआप मोजता येतं. यात काही प्रोटीनं जवळजवळ न बदलता अख्खीच्या अख्खी वळलेली दिसली. ही दुसरी अवस्था मिळवण्यासाठी त्यांनी जो आग्रह धरला, त्याचं मला फार मोल वाटतं. पहिल्या रचनेवरही उत्तम शोधनिबंध झालाच होता.

---

सह्यकडा

धागा आवडला. मेकॅनिकलचा माणूस आहे, त्यामुळे दोन शंका. एक, हे इंजेक्शनच्या सिरिंजसारखं समजायचं का? सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं. दोन, आवरण आकसताना नुसतं लांबीत कमी होतं की पीळही बसतो? २३ कड्या स्क्रूसारख्या रचलेल्या असतील तर फिरल्याशिवाय लांबी कमी होणार नाही.

---

निरगुडी

सह्यकडा, दुसरी शंका अचूक आहे. आधीच्या अवस्थेत प्रत्येक कडी खालच्या कडीपेक्षा ४.०६ नॅनोमीटर वर आणि सुमारे १७.२ अंश फिरलेली. आकसल्यावर अंतर १.६४ नॅनोमीटर आणि फिरकी ३२.९ अंश. व्यास २४ वरून ३३ नॅनोमीटर होतो.

सिरिंजची उपमा मला अर्धीच पटते. सुई आहे हे खरं. पण सिरिंजमध्ये दट्ट्या आतल्या द्रवाला ढकलतो. इथे आवरण डीएनएला ढकलतच नाही, ते फक्त नळीला जिवाणूच्या कवचात घुसवतं. डीएनए बाहेर पडायला सुरुवात होते ती डोक्यात तो इतका दाबून भरलेला असतो म्हणून. दोन वेगळी कामं, ऊर्जेचे दोन वेगळे साठे, आणि ते दोन्ही फाज तयार होताना यजमान जिवाणूच्या आतच भरले जातात. बाहेर पडलेल्या फाजजवळ स्वतःचं एटीपी (पेशींचं ऊर्जा पुरवणारं रसायन) बनवायची काही सोय नसते.

---

सह्यकडा

मग गणित करून पाहिलं. ३२.९ वजा १७.२ म्हणजे १५.७. कड्या २३, मधली अंतरं २२. गुणाकार ३४५ अंश. म्हणजे नळी खाली जाताना स्वतःभोवती जवळजवळ पूर्ण गिरकी घेते?

---

निरगुडी

हो! २००४ च्या निबंधातला आकडा हाच आहे, ३४५ अंश.

---

पारिजात

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. टीवायच्या मुलांकडून दरवर्षी नाल्याच्या पाण्यातून कोलायफाज काढून घेतो. पाणी सेंट्रिफ्यूज करून गाळायचं, ई. कोलायच्या ताज्या वाढीत मिसळायचं, कोमट पातळ अगरमध्ये घालून प्लेटवर ओतायचं. दुसऱ्या दिवशी प्लेटभर दुधी थर असतो आणि त्यात स्वच्छ गोल ठिपके. प्लेट खिडकीकडे धरली की ठिपक्यातून आरपार दिसतं. काही टाचणीच्या टोकाएवढे, काही मोठे, काहींच्या कडेला धुरकट वलय. मुलं विचारतात, ठिपका म्हणजे विषाणू का? नाही, एका फाजपासून सुरू होऊन आसपासचे सगळे जिवाणू फुटले, त्याची ती जागा.

त्या वेळी एक प्रश्न हमखास येतो आणि त्याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही. फाजला कसं कळतं की आपण योग्य जिवाणूवर बसलोय? चुकीच्या ठिकाणी शेपटी आकसली तर तो फुकट गेला, परत ताणता येत नाही.

---

निरगुडी

पारिजातताई, त्याचं उत्तर दोन टप्प्यांत आहे.

लांब तंतू, म्हणजे आकृतीतले 'पाय', आधी जिवाणूच्या पृष्ठभागावर लागतात. ई. कोलायच्या बाहेरच्या पटलातलं ओम्पसी हे प्रोटीन किंवा तिथले लिपोपॉलिसॅकराइड (मेद आणि शर्करांचे जोडरेणू) ते ओळखतात. ही पकड सुटू शकते, फाज तिथून उठून दुसरीकडे जाऊ शकतो. एका तंतूने भागत नाही, निदान तीन तरी लागावे लागतात. मग खबर बेसप्लेटला जाते आणि तिच्याखाली दुमडून ठेवलेले सहा आखूड तंतू (जीपी१२) खाली उघडतात. ते लिपोपॉलिसॅकराइडच्या आतल्या भागाला घट्ट धरतात आणि ही पकड सुटत नाही. त्याच सुमारास बेसप्लेट ताऱ्याच्या आकारात जाते आणि आकसण्याची लाट खालून वर, कडीकडीने जाते.

आणखी एक, हे मुलांना जरूर सांगा. सहा पाय पसरून उभा असलेला फाज हे चित्रच फसवं आहे. टेक्सासमध्ये इयन मॉलिन्यू आणि जुन लिऊ यांच्या गटाने २०१५ मध्ये ई. कोलायच्या छोट्या पेशींवर बसणारे टी४ गोठवून पाहिले. मोकळ्या फाजचे बरेचसे लांब तंतू वर दुमडून शेपटीला लागलेले दिसले.

---

दर्यावर्दी

क्रायो-ईएमच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो, म्हणून थोडी भर. तीनेक मायक्रोलिटर द्रावण एका बारीक जाळीवर ठेवायचं, टिपकागदाने जवळजवळ सगळं टिपून घ्यायचं आणि जाळी क्षणात द्रवरूप इथेनमध्ये बुडवायची. पाणी इतक्या झटक्यात गोठतं की बर्फाचे स्फटिक बनायला वेळच मिळत नाही, काचेसारखा थर होतो आणि फाज त्यात जसाच्या तसा अडकतो. टिपणं कमी पडलं तर थर जाड होऊन काही दिसत नाही, जास्त झालं तर जाळी कोरडी. आजही निम्मा दिवस यात जातो.

रॉसमन यांच्या गटाने बेसप्लेटच्या पहिल्या रचना काढल्या तेव्हा चित्रं फिल्मवर घेत. तपशील १२ ते १७ ॲंगस्ट्रॉमचा (एक ॲंगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). त्यात अणू दिसत नाहीत, प्रोटीनची बाह्यरेषा कशीबशी कळते. निरगुडी म्हणतात ते तुकडे बसवणं म्हणूनच कष्टाचं होतं.

शेपटीचा मान त्याहून जुना आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या सपाट चित्रांवरून त्रिमिती रचना उभी करायची पद्धत डेव्हिड डीरोझिएर आणि ॲरन क्लूग यांनी १९६८ मध्ये मांडली, ती टी४ च्या शेपटीवरच. क्लूग यांना १९८२ चं नोबेल मिळालं.

एका बाबतीत मात्र असहमत. रॉसमन यांचं सर्वांत मोठं काम टी४ नव्हे. १९६२ मध्ये डेव्हिड ब्लो यांच्याबरोबर त्यांनी जे गणित मांडलं, ज्यातून पुढे मॉलिक्युलर रिप्लेसमेंट (माहीत असलेल्या सारख्या रचनेवरून नवी रचना सोडवणं) आलं, ते मोठं. आज क्ष-किरणांनी काढलेल्या बहुतेक प्रोटीन रचना त्याच वाटेने सुटतात.

---

निरगुडी

दर्यावर्दी, उपयोगाच्या मापाने तुमचं बरोबर. त्या एका निबंधावर अख्खी विद्याशाखा चालते. माझं माप वेगळं आहे. १९६२ चं गणित सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी एकमेकींवर फिरवून, सरकवून कुठे जुळतात ते शोधतं. सर्दीच्या विषाणूत आणि फाय एक्स १७४ या दुसऱ्या एका फाजमध्ये तीच ६०-६० वेळा आलेली प्रोटीनं कामी आली. टी४ च्या शेपटीत त्यांनी तोच विचार काळावर लावला, तेच प्रोटीन आधी आणि नंतर. म्हणून मला टी४ त्या विचाराची पुढची पायरी वाटते.

---

घाटमाथा

वाचतोय, माहिती उत्तम आहे. पण स्पष्ट विचारतो. कोलायच्या एका फाजच्या शेपटीवर इतकी वर्षं, इतका पैसा. इकडे आयसीयूत कुठल्याच अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू. यातून माणसाच्या हाती काय आलं?

---

मोहर

घाटमाथा, डॉक्टर म्हणून मीही हाच प्रश्न विचारणार होते. फाज उपचाराबद्दल रुग्णांचे नातेवाईक आता स्वतः विचारू लागलेत. जॉर्जियातल्या तिबिलिसीला एलियावा संस्थेत हे शंभर वर्षं चाललंय. पण तिथे फाज निवडतात तो पारिजात म्हणतात तसा प्लेटवर, रुग्णाचा जंतू फुटतो की नाही हे बघून. रचना माहीत असायची गरज पडत नाही. मग दुवा कुठे आहे?

अवांतर: फाजच्या गोष्टीत आपल्याकडच्या नद्याही आहेत. अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मारणारं काहीतरी आहे आणि पाणी उकळलं की तो गुण जातो, असं नोंदवलं होतं. फेलिक्स देरेल यांनी बॅक्टेरिओफाज हे नाव दिलं ते १९१७ मध्ये, आणि पुढे तेही कॉलऱ्यावर फाज वापरून बघायला भारतात आले होते.

---

निरगुडी

मोहर, उपचारासाठी फाज निवडताना रचना लागत नाही हे मान्य. तिथे ओढूनताणून दुवा जोडणार नाही. दुवा दुसरीकडे आहे.

बेसप्लेटच्या मध्यभागी खाली एक सुई असते, जीपी५ आणि जीपी२७ यांची. तिची रचना शुजी कानामारू, लायमान, रॉसमन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दिली. जीपी५ च्या तीन साखळ्या एकमेकींत गुंफून त्रिकोणी पिळाचं टोक बनतं, साधारण ११ नॅनोमीटर लांब. त्याच जीपी५ मध्ये एक लायसोझाइम आहे, जो जिवाणूची पेप्टिडोग्लायकनची भिंत विरघळवतो. आधी टोक बाहेरचं पटल भेदतं, मग ते गळून पडतं आणि लायसोझाइम कामाला लागतो. एकाच प्रोटीनमध्ये भोसकणं आणि विरघळवणं दोन्ही, आणि कुठलं आधी हे रचनेनेच ठरवून दिलेलं. मला या सगळ्या कामातला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

पुढे कॉलऱ्याच्या जंतूत (व्हिब्रिओ कॉलरी) शेजारच्या पेशींमध्ये विष सोडणारी एक यंत्रणा सापडली, टाइप सिक्स स्राव यंत्रणा. तिच्या टोकाला असलेलं व्हीजीआरजी प्रोटीन कुठलं म्हणावं? घडणीने अगदी टी४ च्या जीपी५-जीपी२७ सारखं. हे ओळखता आलं कारण फाजची रचना हातात होती. म्हणजे जिवाणूंजवळ फाजच्या शेपटीसारखंच एक हत्यार आहे. स्यूडोमोनासमधले आर-प्रकारचे पायोसिन हे तर नुसत्या शेपट्या, डोकं नाही, डीएनए नाही. दुसऱ्या जिवाणूला भोक पाडून मारतात.

आणि २०२३ ची गोष्ट. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये फेंग झांग यांच्या गटाने फोटोरॅब्डस या जिवाणूची अशीच आकसणारी शेपटी घेतली, तिच्या तंतूंचं टोक बदललं आणि तिच्यातून हवं ते प्रोटीन माणसाच्या पेशींत पोचवून दाखवलं. प्रयोगशाळेतलं काम आहे, औषध अजून नाही. पण कुठलं टोक बदलायचं हे कळायला आधी शेपटी समजलेली असावी लागते.

---

दर्यावर्दी

घाटमाथांसाठी एक भर. टी४ चा दुसरा लायसोझाइम, जो नवे फाज बाहेर पडताना जिवाणू फोडतो, तो ओरेगॉनच्या ब्रायन मॅथ्यूज यांनी आयुष्यभर अभ्यासला. २००७ मध्ये बीटा-२ ॲड्रिनर्जिक रिसेप्टरचा स्फटिक होत नव्हता, तेव्हा त्याच्या मध्यात हाच लायसोझाइम घातला आणि स्फटिक झाला. दम्याचा पंप ज्या रिसेप्टरवर काम करतो तोच हा. ब्रायन कोबिल्का यांच्या २०१२ च्या नोबेलमागे हे काम आहे.

---

घाटमाथा

दोघांनाही धन्यवाद. टाइप सिक्सचं माहीत नव्हतं. तरी पैशाच्या वाटपाचा माझा मुद्दा शिल्लक आहे, पण तो या धाग्यावर नको. भारतातल्या कोणाचा हात आहे का यात?

---

निरगुडी

आहे, आणि मोठा आहे. डोक्यात डीएनए भरणाऱ्या मोटरवर रॉसमन यांच्याबरोबर काम केलं ते वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठातल्या वेणिगल्ला राव यांनी. त्यांची पीएचडी बंगळुरूच्या आयआयएस्सीची. जीपी१७ च्या पाच प्रती डोक्याच्या तळाशी कडं करून बसतात आणि एटीपी जाळून डीएनए आत ओढतात. तिची रचना २००८ मध्ये आली, तीही दोन अवस्थांत, एक ताणलेली आणि एक आखडलेली. एका एटीपीमागे दोन बेसजोड्या आत, असं त्यांचं प्रतिरूप सांगतं. सेकंदाला सरासरी ७०० आणि जास्तीत जास्त २००० पर्यंत बेसजोड्या. अख्खं डोकं चार-पाच मिनिटांत भरतं. डोक्याच्या बाहेर हॉक आणि सॉक अशी दोन प्रोटीनं असतात, ती नसली तरी फाजचं अडत नाही. राव यांचा गट त्यांना लशीची प्रतिजनं जोडतो.

आयआयएस्सीतच एम. आर. एन. मूर्ती यांनी विषाणूंच्या स्फटिकांचं काम उभं केलं, वनस्पतींच्या विषाणूंवर. ते आधी पर्ड्यूला रॉसमन यांच्याकडे होते, तिथे कॅटलेज या एन्झाइमची रचना काढली.

---

सह्यकडा

बेसप्लेटचे अणू शेवटी दिसले का? १२ ॲंगस्ट्रॉमवरच थांबलं?

---

निरगुडी

दिसले. २०१६ मध्ये, दोन्हीकडून. लायमान तोवर स्वित्झर्लंडला लोझानमध्ये गेले होते. त्यांच्या गटाने दोन्ही अवस्था अणूंच्या तपशिलात दिल्या. १५ प्रकारच्या प्रोटीनच्या १४५ साखळ्या, वजन सुमारे ६० लाख डाल्टन. त्याच वर्षी रॉसमन यांच्या गटानेही ताऱ्याच्या अवस्थेतली बेसप्लेट ३.८ ॲंगस्ट्रॉमवर दिली. तेव्हा ते ८५ च्या पुढे होते आणि त्याच वर्षी झिकाच्या विषाणूची रचनाही त्यांच्या आणि रिचर्ड कून यांच्या गटाकडून आली. १४ मे २०१९ ला ते गेले, तोवर प्रयोगशाळा चालूच होती.

फाय एक्स १७४ चं सांगायचं राहिलंच. त्याला शेपटी नसते, २० बाजूंचा छोटा गोळा आणि ५३८६ बेसचा डीएनए. त्याची रचना रॉसमन यांच्या गटाने १९९२ मध्ये दिली, पण शेपटीशिवाय डीएनए दोन पटलांतून पार कसा जातो हे त्यातून कळेना. २०१४ मध्ये त्यांना उत्तर मिळालं. डोक्यातल्या एच प्रोटीनच्या दहा प्रती एकत्र येऊन संसर्गाच्या वेळेपुरती १७ नॅनोमीटर लांब नळी बनवतात. इथेही पहिली रचना मिळाल्यावर बावीस वर्षांनी दुसरी अवस्था.

---

पारिजात

वाखूसा (वाचनखूण साठवली). मुलांना हे पडद्यावर फिरवून दाखवायचं असेल तर कुठे मिळेल?

---

निरगुडी

प्रोटीन डेटा बँकेच्या संकेतस्थळावर फुकट, ब्राउझरमध्येच फिरवता येतं. सुईसाठी १के२८ शोधा. अख्ख्या बेसप्लेटसाठी ५आयव्ही५ ही षटकोनी आणि ५आयव्ही७ ही ताऱ्याची (के आणि आयव्ही ही इंग्रजी अक्षरं). या दोन मोठ्या आहेत, कॉलेजच्या पीसीवर उघडायला वेळ लागेल, तास सुरू व्हायच्या आधी उघडून ठेवा. आधी १के२८ दाखवा. तीन साखळ्यांना तीन रंग द्या आणि सुईच्या टोकाकडून वर बघा, पीळ लगेच कळतो. मग बाकीच्या दोन शेजारी-शेजारी लावून मुलांना बेसप्लेटमधलं एकच प्रोटीन, जीपी६, दोन्हींत शोधायला सांगा.